मराठी-कन्नड स्लाइड्स वेबवर टाकल्यावर फॉन्टचं काय होतं: गुगल स्लाइड्स काही महिने वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगतो, वेळ नसेल त्यांनी इथूनच परतलं तरी चालेल. शाळेचं, पतसंस्थेचं, मंडळाचं रोजचं काम असेल आणि स्लाइड्स लिंकवर द्यायच्या असतील तर गुगल स्लाइड्समधलं 'वेबवर प्रकाशित करा' एवढ्यावर भागतंय. फुकट आहे, फोनवर उघडतंय, मराठी अक्षरं जागच्या जागी राहतात. अट एकच, फॉन्ट त्यांच्या यादीतला पाहिजे, आपल्या कॉम्प्युटरवरचा आवडता फॉन्ट तिथं चढवायची सोयच नाही. पाचात साडेतीन देईन. दीड कुठं गेला ते पुढं येईलच.

माझं काम बेळगावात, शहापूरकडं, डीटीपीचं. लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, गणपतीच्या वर्गणीची पुस्तकं हे जुनं, आणि आता लोक पीपीटी मागतात, मग ती पीपीटी व्हॉट्सॅपवर नको, लिंक द्या म्हणतात. गिऱ्हाईक म्हणजे मराठी माध्यमाचे मास्तर, खानापूरकडची ट्रेकिंगची पोरं, निपाणी-चिकोडीकडचे बी-बियाणंवाले, पतसंस्था. निम्म्याहून जास्त कामात एकाच स्लाइडवर मराठी पण पाहिजे आणि कन्नड पण, वर आकडे नि नावं इंग्रजीत. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या टिप्स वाचून आमचं भागत नाही ते ह्यामुळंच, त्यांना एक लिपी सांभाळायची असते, आम्हाला तीन.

'ओ सर, अक्षरं सगळी फुटल्यात बघा की' असा फोन येतो. ताप एकच, रोग वेगवेगळे. म्हणून मी आता आधी स्क्रीनशॉट मागवतो, बघितल्याशिवाय काय औषध सांगणार.

इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या, डॉलरची चिन्हं असा कचरा दिसत असेल तर मजकूर जुन्या फॉन्टातला आहे. जुनी श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएमचे सुरेख-योगेश, कन्नडच्या बाजूला जुनी नुडी. ह्यात टाइप केलेलं आतून मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळं फॉन्ट गेला की मजकूरच गेला. ह्याला वेबवर काही उपाय नाही, आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो त्या पद्धतीत, कन्व्हर्ट करायचं. कन्व्हर्टर फुकटचे भरपूर आहेत पण कन्व्हर्ट झालं म्हणून काम झालं असं समजू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट, म्हणून जोडाक्षरावर वेलांटी आली की ती हमखास भलतीकडं जाऊन बसते. 'स्थिती', 'शक्तिशाली', 'आर्थिक' हे शब्द शोधून बघायचे. आणि 'दुसऱ्या', 'पुढाऱ्यांनी', 'शेतकऱ्यांना' ह्यातला आडवा र तर कन्व्हर्टर खाऊनच टाकतात, 'दुसर्या', 'शेतकर्यांना' असं येतं. तिथं खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग य, असा क्रम लागतो. सगळीकडं एकदम फाइंड-रिप्लेस मारायचा मोह होतो, मारू नका, 'सूर्या'चा 'सूऱ्या' होतो आणि 'कार्यालय'ची काय वाट लागते ते तुम्हीच बघा.

पतसंस्थेच्या सभेच्या स्लाइड्समध्ये आणखी एक गंमत असते, बुलेटची. पॉवरपॉइंटमधली टिकमार्कची खूण विंगडिंग्ज ह्या फॉन्टातली असली की फॉन्ट नसलेल्या ठिकाणी टिकमार्कच्या जागी डोक्यावर दोन ठिपके असलेला इंग्रजी यू दिसतो, आणि बाणाच्या जागी आडवी रेघ मारलेला ओ. माणूस म्हणतो व्हायरस आलाय. व्हायरस नाही ओ, बुलेट बदला, साधा गोल ठिपका ठेवा.

आता मुख्य गोष्ट. अक्षरं बरोबर आहेत, मजकूर वाचता येतोय, पण चेहरा बदललाय, ओळी खाली घसरल्यात, हेडिंगचा शेवटचा शब्द चौकटीबाहेर. ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि ह्याचं मूळ बहुतेक वेळा निर्मला यूआय. विंडोज ८ पासून हा फॉन्ट विंडोजबरोबर येतो आणि ह्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या आहेत. म्हणजे आमच्या भागातल्या माणसाला विंडोजवर कधी कळतच नाही की दोन लिप्यांना दोन फॉन्ट लागतात, एकानंच सगळं झाकलेलं असतं. अँड्रॉइडवर निर्मला नाही, आयफोनवर नाही, गुगलच्या यादीत नाही. फाइल गुगल स्लाइड्समध्ये चढवली की ओळखीचा नसलेला फॉन्ट बदलला जातो, साधारण एरियल बसतो, आणि एरियलमध्ये देवनागरी अक्षरच नाही, मग बघणाऱ्याच्या मशीनवर जो काय देवनागरी फॉन्ट असेल तो पुढं येतो. विंडोजवर एक, सॅमसंगवर दुसरा, मॅकवर तिसरा. तुमच्याकडं चांगलं दिसतंय आणि मास्तरांकडं फुटलंय ते ह्यामुळं.

पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल, ऑप्शन्स, सेव्ह' मध्ये फॉन्ट फाइलमध्येच कोंबायची टिक असते, ती लोक फार विश्वासानं मारतात. पॉवरपॉइंटमधून पॉवरपॉइंटमध्ये जाताना तिचा उपयोग आहे, आणि तेही फॉन्टच्या लायसन्समध्ये परवानगी असेल तरच. गुगल स्लाइड्सला त्या कोंबलेल्या फॉन्टशी काही देणंघेणं नाही.

म्हणून मी आता असं करतो. फाइल चढवली की आधी थीम एडिट उघडायची, मास्टरवरच, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यावरच, फॉन्ट बदलायचा, एकेका स्लाइडवर जाऊन बदलत बसायचं नाही. फॉन्टच्या यादीत 'मोअर फॉन्ट्स' मध्ये लिपीनुसार गाळणी आहे, तिथं देवनागरी निवडलं की मुक्ता, बालू, हिंद, नोटो, तिरो, कलाम असे बरेच समोर येतात. मग कन्नड मजकूर तेवढा वेगळा सिलेक्ट करून त्याला कन्नड फॉन्ट. हे काम किचकट आहे, ह्यात वेळ जातो, आणि ते टाळलं तर कन्नड ओळ मराठीपेक्षा लहान-मोठी दिसते आणि मग सभेत कोण काय म्हणेल ते आमच्याकडं सांगायला नको.

जोड्या लावताना माझ्या पसंतीला दोन उतरल्या. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड, ही सरकारी वाटते पण कुठंही खटकत नाही. आणि शाळेसाठी, पोस्टरसारख्या स्लाइडसाठी बालू २ आणि बालू तम्मा २, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी एकाच घरातल्या दोन लिप्या केल्यात त्यामुळं जाडी, गोलाई जुळते. नुसतं मराठी असेल तर मुक्ता, तीही एक टाइपचीच. सात जाड्या आहेत, बारीक मजकुराला पण चालते आणि हेडिंगला पण. मुक्ताला कन्नड भावंड नाही हीच काय ती आमची अडचण.

तिरो देवनागरी मराठी हा दिसायला मला सगळ्यात आवडलेला, पुस्तकासारखा, ल आणि श आपल्या मराठी वळणाचे. पण त्यात रेग्युलर आणि इटालिक एवढंच आहे, बोल्ड नाही. हेडिंग बोल्ड केलं की सॉफ्टवेअर स्वतःच अक्षर फुगवतं आणि 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' ह्यांचे आतले पांढरे डोळे बुजून जातात. प्रोजेक्टरवर तर नुसता डाग. म्हणून तिरो वापरायचा तर साइझ वाढवा, बोल्डच्या बटणाला हात लावू नका.

एका संस्थेच्या सभेची पहिली स्लाइड, 'वार्षिक सर्वसाधारण सभा' एवढंच हेडिंग, आणि प्रत्येक अक्षराच्या वरची रेघ तुटलेली, मध्ये मध्ये फटी. फॉन्ट बरोबर, युनिकोड बरोबर, सगळं बरोबर. ज्यानं मूळ फाइल केली त्यानं हेडिंग भारदस्त दिसावं म्हणून पॉवरपॉइंटमध्ये कॅरेक्टर स्पेसिंग 'लूज' केलेलं. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. नॉर्मल केलं की झालं. तसंच ओळींमधलं अंतर, इंग्रजी टेम्पलेटात ते आवळलेलं असतं, मराठीत वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन ओळी एकमेकींच्या अंगावर येतात. मी मजकुराला दीडच्या आसपास ठेवतो आणि त्यापायी स्लाइडवरची एखादी ओळ कमी करावी लागली तर करतो. तशाही स्लाइडवर ओळी जास्तच असतात.

प्रकाशित करण्याबद्दल. शेअरची लिंक वेगळी आणि प्रकाशनाची वेगळी, लोक शेअरची पाठवतात आणि मग समोरच्याला परवानगी मागत बसावं लागतं. 'फाइल' मधून प्रकाशित केलं की लिंक मिळते, आणि वेबसाइटवर बसवायचा कोड पण मिळतो, त्यात ९६० बाय ५६९ असा माप टाकलेला असतो, मोबाइलवर ती चौकट बाहेर जाते, म्हणून रुंदी शंभर टक्के करून घ्यायची आणि उंचीचं प्रमाण सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, बांधायचं. नंतर फाइलमध्ये दुरुस्ती केली की लिंकवर आपोआप येते, थोडी मिनिटं लागतात, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला, कारण आमच्याकडं नावाच्या स्पेलिंगवरून छापून झाल्यावर फोन येतात. पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसतं हे विसरू नका, थकबाकीदारांची यादी असलेली स्लाइड प्रकाशित करायला एकजण आलेला, त्याला परत पाठवला.

पीडीएफचं म्हणाल तर मांडणी एक इंच हलत नाही, फॉन्ट आतच असतो, तुमचा खास फॉन्ट सोडायचा नसेल तर हाच रस्ता. फोनवर बोटांनी मोठं करत वाचावं लागतं, आणि मराठी मजकूर कॉपी केला तर बऱ्याचदा मोडका निघतो, मास्तरांना त्यातला उतारा उचलून प्रश्नपत्रिकेत टाकायचा असतो तिथं अडतं.

ट्रेकिंगच्या पोरांसाठी मात्र रिव्हील जेएस वापरलं, म्हणजे स्लाइड्सच वेबपेज. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, भीमगडचं जंगल, असं सगळं फोटोंचं काम होतं. इथं फॉन्ट आपला आपण द्यायचा, डब्ल्यूओएफएफ२ (वेबसाठीचा फॉन्टचा प्रकार) फाइल सर्व्हरवर ठेवायची आणि सीएसएसमध्ये फॉन्ट-फेस लिहायचा. भाषेचा टॅग मराठीचा लावला की नोटो सान्स देवनागरी स्वतःहून मराठी वळणाचा ल-श दाखवतो, हिंदीचा लावला तर हिंदी, हे गुगल स्लाइड्सपेक्षा इथं हातात राहतं. कन्नडच्या परिच्छेदाला कन्नडचा टॅग. जांबोटीच्या पुढं नेटवर्क जेमतेम, त्यामुळं फॉन्ट येईपर्यंत पान कोरं राहू नये म्हणून फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' ठेवला, आधी फोनचा फॉन्ट दिसतो मग आपला येतो, ओळी क्षणभर हलतात, चालतंय. पण हे कोड लिहिणाऱ्याचं काम आहे, मास्तरांना दिलं तर ते दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन परत येतात.

तर दीड मार्क कुठं गेला. एक पूर्ण मार्क फॉन्ट चढवता येत नाही म्हणून, ज्या संस्थेचं बोधवाक्य वर्षानुवर्षं एकाच वळणात छापलंय त्यांना ते स्लाइडवर चित्र म्हणून चिकटवावं लागतं. अर्धा मार्क दोन लिप्यांचं काम हातानं करावं लागतं म्हणून, 'ह्या लिपीला हा फॉन्ट, त्या लिपीला तो' असं एकदाच सांगून मोकळं होता आलं असतं तर सीमाभागातल्या निम्म्या डीटीपीवाल्यांची संध्याकाळ वाचली असती.

गिऱ्हाईकाला लिंक द्यायच्या आधी मी ती इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे लॉगिन नसलेल्या खिडकीत, दुकानातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइडवर उघडून बघतो, आणि प्रत्येक स्लाइडवर फक्त तीन जागा बघतो: हेडिंगची शिरोरेषा, एखादा 'ऱ्या', आणि कन्नडची पहिली ओळ. ह्या तीन ठीक असल्या की बिल करतो.