‘तुमचं इम्प्लांट रिकॉल झालंय’ असं कुणी म्हणालं तर

माझे २,३१,४९९ रुपये गेले. ऑपरेशन झालं नाही, इम्प्लांट आलं नाही आणि ज्या बाईने पैसे घेतले तिचा ‘क्रमांक अस्तित्वात नाही’. प्रकरण स्तनांच्या इम्प्लांटचं आहे म्हणून नाव लिहीत नाही. माझ्यासारख्या इतर बायकाही याच कारणाने गप्प बसल्या असणार. आपण गप्प बसणार हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते हेच गिऱ्हाईक धरतात.

२०१३ साली मुंबईत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. हौस होती, स्वतःच्या पगारातून केली, नवऱ्याला सांगून केली. सासूबाईंना आजही माहीत नाही. बरीच वर्षं काही त्रास नव्हता. मग उजवी बाजू कडक होत गेली, वर ओढल्यासारखी दिसू लागली, त्या कुशीवर झोपलं की ठणकायची. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक पडदा तयार करतं आणि तो आकसला की असं होतं. कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात त्याला. बेकर श्रेणीत १ ते ४ असं मोजतात. माझी तिसरी. इम्प्लांट जन्माला पुरत नाहीत, कधीतरी काढावे किंवा बदलावे लागतात, हे पहिल्या वेळीच सांगितलेलं होतं. तेव्हा दुसरं ऑपरेशन करायचं ठरवलं त्यात माझं काही डोकं फिरलं नव्हतं. ‘आधी नसते उद्योग केलेच कशाला’ म्हणणाऱ्यांनी इथेच वाचणं थांबवावं.

माझे जुने सर्जन आता प्रॅक्टिस करत नाहीत. नाशिकमध्ये कुणाला विचारणार? शेजारणीला? मोबाईलवर ‘रिव्हिजन स्पेशल पॅकेज, मुंबई’ (रिव्हिजन म्हणजे पुन्हा करायचं ऑपरेशन) अशी जाहिरात दिसली, फॉर्म भरला आणि लगेच फोन आला. पेशंट कोऑर्डिनेटर. आवाज गोड, पहिल्या वाक्यापासून ताई-ताई. “ताई, मी स्वतः करून घेतलंय, घरच्यांना सांगता येत नाही ते मला माहितेय.” झालं. इतकी वर्षं ज्या विषयावर मी कुणाशी बोलले नव्हते, त्यावर मी त्या बाईशी तासभर बोलत बसले.

आणि त्या तासाभरातच ते घडलं. तिने विचारलं, कुठल्या साली केलं? मी म्हटलं २०१३. ती म्हणाली, “अगं बाई! म्हणजे तुमचं रिकॉलमधलं आहे, कंपनीने परत मागवलेलं. एफडीएचा आदेश आहे, कॅन्सर होतो त्याने.”

तिने कंपनी विचारली नव्हती. इम्प्लांटसोबत मिळालेलं कार्ड बघितलं नव्हतं. इम्प्लांट गुळगुळीत की खरखरीत, गोल की थेंबाच्या आकाराचं, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. फक्त साल! नुसत्या सालावरून माझ्या छातीत काय आहे ते तिला कळलं आणि मला ते खटकलं नाही. माझं कार्ड कपाटात एफडीच्या पावत्यांच्या पिशवीत होतं. त्यावर कंपनीचं नाव, लॉट नंबर, २७५ सीसी, राउंड, स्मूथ असं सगळं छापलेलं. उठून चार पावलं गेले असते तर तिथेच सगळं संपलं असतं.

खरी गोष्ट अशी आहे. २४ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, अ‍ॅलर्गन कंपनीला तिचे बायोसेल प्रकारचे, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचे, इम्प्लांट बाजारातून मागे घ्यायला सांगितलं आणि कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. कारण बीआयए-एएलसीएल नावाचा एक दुर्मीळ लिम्फोमा. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, रोगप्रतिकार यंत्रणेचा. मुख्यतः खरखरीत इम्प्लांट असलेल्या बायकांमध्ये आढळला. आणि ज्यांना काही लक्षणं नाहीत त्यांनी इम्प्लांट काढून टाकण्याची शिफारस नाही, हेही त्याच एफडीएने तेव्हाच सांगितलं होतं. माझे इम्प्लांट दुसऱ्याच कंपनीचे आणि गुळगुळीत. पण फोनवर ‘एफडीए’ म्हटल्यावर मला वाटलं आपलं वांद्र्याचं अन्न व औषध प्रशासन. सरकारी आदेश म्हटल्यावर माणूस वाद घालतो का? आणि माझी मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेली आहे. तिची केमो मी जवळून पाहिली आहे. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कपाटातली पिशवी आठवते का कुणाला, खरं सांगा.

एमआरआय मी नाशिकलाच चांगल्या सेंटरमध्ये काढला. रिपोर्टमध्ये स्पष्ट होतं की इम्प्लांट फुटलेलं नाही, फक्त ‘रेडियल फोल्ड्स’ आहेत. या साध्या चुण्या, त्या असतातच. आतल्या आत फुटलं असेल तर आवरण कोसळून शेवयांसारख्या वळणदार रेषा दिसतात आणि रेडिओलॉजिस्ट तसं नमूद करतात. हे आता कळलं. तेव्हा बाई म्हणाली, “आमच्या सीनियरना दाखवू,” आणि सीनियरचा निरोप आला की या घड्या म्हणजे फाटण्याची सुरुवात आहे, महिन्याच्या आत काढा. हा सीनियर कोण, त्याची डिग्री काय, त्याने लेखी का दिलं नाही? तुमचा रिपोर्ट ज्याने सही करून दिलाय त्यालाच फोन करा. मी नंतर केला, त्यांनी पाच मिनिटांत समजावून सांगितलं, एक पैसा न घेता.

आता हिशेब. ‘फाईल रजिस्ट्रेशन’ ४,९९९. सीनियरच्या त्या वाचनाचे ३,५००. इम्प्लांटच्या जोडीची ऑर्डर १,३५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २४,३००. मग माल कस्टममध्ये अडकला म्हणून ३८,७००. शेवटी ‘ओटी स्लॉट’, म्हणजे ऑपरेशन थिएटरची वेळ, धरून ठेवायला २५,०००. कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के जीएसटी खरंच लागतो, मी तपासलं होतं, त्यामुळे विश्वास उलट वाढला. खोट्यात एवढं एक खरं कालवलं होतं. पण पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता! १५ अक्षरांचा असतो, सरकारी पोर्टलवर टाकला की दुकान कुणाचं ते दिसतं. नंबर नसेल तर जीएसटी देऊ नका, पावतीवर कितीही शिक्के असू देत. मोठ्या रकमा एका फर्मच्या खात्यात गेल्या आणि शेवटचे २५,००० एका पुरुषाच्या वैयक्तिक यूपीआयवर. “अकाउंट्सवाल्या दादांचा नंबर आहे ताई.” बरं.

मध्येच तिने आणखी एक सुचवलं होतं: मेडिक्लेममध्ये गाठ काढली असं दाखवू, पैसे परत मिळतील. कॉस्मेटिक सर्जरी विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तरच. मी ठाम नाही म्हटलं. माझा प्रामाणिकपणा विमा कंपनीच्या कामी आला, माझ्या नाही. जी बाई विमा कंपनीला टोपी घालायला निघाली आहे ती मला सोडेल असं मी कोणत्या आधारावर धरलं होतं, कोण जाणे.

तारीख ठरली होती. ऑफिसात पित्ताशयाचं ऑपरेशन सांगून रजा टाकली, मुलाला आईकडे सोडलं. आदल्या दिवशी फोन बंद. अंधेरीच्या ज्या हॉस्पिटलचं नाव कागदावर होतं त्यांना विचारलं तर तुमच्या नावाने काहीही बुकिंग नाही. ज्या सर्जनचं नाव होतं ते म्हणाले, “हे लोक कधीकधी पेशंट पाठवतात, पण मी तुमची केसच पाहिलेली नाही.” पाठवतात म्हणजे? डॉक्टरांना पेशंटमागे कमिशन द्यायला-घ्यायला २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत बंदी आहे. मग या पाठवणाऱ्यांचं पोट कशावर चालतं, हे त्यांना विचारलं तेव्हा फोन ठेवला गेला.

यापुढचं लिहिताना हात थरथरतो रागाने.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे निदान तक्रार घेतली, नंबर दिला. पण त्या खात्यात उरले होते ६,२१२ रुपये, तेवढे गोठवले. ते माझ्याकडे यायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं! पैसे गेल्याचं कळलं त्याच तासात फोन करा, पैसे पुढच्या खात्यांत सरकले की संपलं. मी आधी दोन दिवस त्या बाईचाच फोन लावत बसले होते.

पोलीस स्टेशनात हवालदाराने मोठ्याने विचारलं, कसलं ऑपरेशन? म्हटलं छातीचं. “हार्टचं का?” बाकावर मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला आलेली दोन पोरं बसलेली. त्यांच्यासमोर मला सांगावं लागलं. मग तो हसू दाबत आत गेला आणि साहेबांचा निरोप घेऊन आला की हा दिवाणी मामला आहे, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत. स्वतःच्या हाताने नाही तर कुणाच्या हाताने देतात? फसवणूक म्हणजे हेच असतं ना, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये? सायबरवाले म्हणाले, त्या बाईचं ऑफिस अंधेरीत आहे, तिकडे जा. अंधेरीवाले म्हणाले, पैसे नाशिकहून गेलेत, तिकडे जा. झिरो एफआयआर नावाची गोष्ट आता कायद्यात लिहिलेली आहे, कुठल्याही ठाण्याने गुन्हा नोंदवून योग्य हद्दीत पाठवायचा असतो. हे मी सांगितल्यावर, “मॅडम, तुम्ही वकील आहात का?” शेवटी हातात काय, तर अदखलपात्र तक्रारीचा कागद.

मेडिकल कौन्सिल म्हणे, आम्ही नोंदणीकृत डॉक्टरांवरच्या तक्रारी बघतो, ही बाई डॉक्टर नाही. महापालिकेचा आरोग्य विभाग म्हणे, नर्सिंग होम असेल तर आमचं, हे ऑफिस आहे, तिथे खाट नाही. अन्न व औषध प्रशासनात साहेबांनी विचारलं, इम्प्लांटचा नमुना आणलाय का? अहो, नमुना असता तर माझ्या अंगात असता! म्हणजे डॉक्टर नसताना उपचार विकले, खाट नसताना ऑपरेशन विकलं, इम्प्लांट नसताना इम्प्लांट विकलं, आणि काहीच खरं नसल्यामुळे कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. प्रत्येक खिडकीवर तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, आणि प्रत्येक खिडकीमागचा माणूस आधी वर बघून, मग नजर खाली आणून ऐकणार. एकाही ठिकाणी बाई समोर नव्हती.

ग्राहक आयोगात तेवढी दाद लागली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइन दाखल होतं, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत करायचं. सध्या तारखा पडतायत.

दरम्यान एका प्लास्टिक सर्जनकडे गेले, एम.सीएच. (प्लास्टिक सर्जरी) पदवी आणि कौन्सिलची नोंदणी तपासून. त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं? कार्ड. मग जुन्या ऑपरेशनच्या नोंदी: इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली, छेद कुठे. जुन्या हॉस्पिटलकडून हे कागद वेळ असतानाच मागून घ्या. मग स्वतः तपासलं आणि म्हणाल्या घाई काहीच नाही. नवीन घालायचं, जागा बदलून घालायचं की नुसतं काढून टाकायचं, तिन्ही बोलून झालं; काढलं तर त्वचा सैल दिसेल, घातलं तर पडदा पुन्हा आकसू शकतो, हेही. ‘एन ब्लॉक’ म्हणजे पडद्यासकट अखंड काढणं. माझ्या पॅकेजमध्ये ते जादा पैशांचं आकर्षण होतं. त्या म्हणाल्या, ते त्या लिम्फोमासाठी असतं, सरसकट नाही, पडदा बरगड्यांना चिकटलेला असला तर फुप्फुसाच्या आवरणाला धोका. काढलेला पडदा पॅथॉलॉजीला पाठवायचा, हे त्यांनी आपणहून लिहून दिलं. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आधी, आणि तिथल्या टेक्निशियनला इम्प्लांट आहे हे सांगायचं, लाजायचं नाही. साखरेची तपासणी, भुलेच्या डॉक्टरांची भेट. तंबाखू, सिगारेट, मिश्रीसुद्धा काही आठवडे आधीपासून बंद, जखम भरत नाही. अ‍ॅस्पिरिन, लसणाच्या गोळ्या, काढे, जे काही चालू असेल ते सगळं सांगायचं. काय थांबवायचं ते डॉक्टर ठरवतात. या सगळ्यातलं एक अक्षर त्या कोऑर्डिनेटरने विचारलं नव्हतं. तिने साल सोडलं तर फक्त माझा ब्लाऊजचा साइज आणि बँकेचं नाव विचारलं.

इम्प्लांटचे पैसे हॉस्पिटलच्या बिलात, हॉस्पिटलच्या खात्यात. बॉक्स सील असताना बघायला मागा, आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक त्यावर असतो. आतले लॉट नंबरचे स्टिकर एक तुमच्या केसपेपरवर, एक तुमच्या कार्डावर.

तुम्ही अशा कुणाला पैसे दिले असतील तर पावतीवर ‘समन्वय शुल्क, परतावा नाही’ असं बारीक अक्षरात छापलंय का बघा. माझ्या पावतीवर आहे. तशी पावती असेल तर ऑपरेशनच्या तारखेची वाट बघू नका. आज हॉस्पिटलला थेट फोन करून तुमच्या नावाने बुकिंग आहे का विचारा आणि नसेल तर तो फोन ठेवल्याबरोबर १९३० लावा.