तयार मॅनिफोल्ड घेतला आणि शिसं घरी आणलं

ओहायोतल्या कोलंबसला, आमच्या गॅरेजात, मी सहा वर्षं घरची बिअर करतोय. (तिकडच्या मंडळींसाठी: इथे हे कायदेशीर आहे. 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन बिअर घरी करता येते. विकता मात्र येत नाही. आईला हे अजून पटलेलं नाही.)

इतकी वर्षं डब्यातल्या माल्टच्या तयार अर्कावर भागवलं. मग वाटलं, आता जवाच्या माल्टपासूनच, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासूनच करू. त्यासाठी मॅश टन, म्हणजे माल्ट भिजवायचं भांडं लागतं. सहलीला नेतात तो चौकोनी कूलर, 48 क्वार्टचा, म्हणजे साधारण 45 लिटर, त्यात भरडलेला माल्ट 67 अंशांच्या आसपास तासभर भिजवायचा. पिठाची साखर होते. मग गोड पाणी, म्हणजे वर्ट, तळातून काढायचं आणि चोथा वर राहू द्यायचा. नाचणीचं सत्त्व गाळताना फडकं जे काम करतं, ते इथे मॅनिफोल्ड करतो: अर्ध्या इंची तांब्याच्या नळ्यांची तळाशी बसणारी चौकट, नळ्यांना करवतीनं निम्म्यापर्यंत पाडलेल्या खाचा, तोंड खाली.

करायला अवघड नाही. पण आळस केला आणि जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत एक तयार संच पाहिला. कूलर, मॅनिफोल्ड, ‘स्टेनलेस’ व्हॉल्व्ह, सगळं मिळून 140 डॉलर. ‘गाव सोडतोय, म्हणून काढतोय. तीस घाण्या काढल्यात यावर. सगळे सांधे शिसेविरहित सोल्डरनं पक्के केलेत.’ सोबत सोल्डरच्या रिळाचा फोटो. एका हार्डवेअर दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटलो. माणूस इतका गोड की त्यानं मला त्याची एम्बर एल या बिअरची कृतीसुद्धा लिहून दिली. पैसे फोनवरूनच दे म्हणाला, आणि ‘मित्र-नातेवाईक’ हाच पर्याय निवड म्हणाला, म्हणजे कमिशन कापलं जात नाही. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षणही नसतं, हे मला माहीत होतं. तरी निवडला. संकोच, दुसरं काय.

पहिल्याच घाण्याला पाच किलो माल्ट टाकला, नळ उघडला आणि थेंब थेंब. चमच्यानं ढवळलं, फुंकर मारली, शेवटी चोथा हातानं काढला. खाचा पाहिल्या तर कुठे केसाएवढ्या, कुठे दोन मिलिमीटर, आतला कीस तसाच, आणि निम्म्या खाचा वरच्या बाजूला. फिरवून खाली कराव्यात तर सगळे सांधे सोल्डर केलेले. तेव्हा कुठे डोक्यात आलं की कूलरच्या आतल्या चौकटीला सोल्डर लागतच नाही. नळ्या फिटिंगमध्ये नुसत्या दाबून बसतात. थोडं झिरपलं तरी बिघडत नाही, कारण झिरपून येणार ते आतच, आणि धुवायला उलगडता येतं. जो हे सगळं जोडून देतो, त्याला एक तर काम येत नाही किंवा काहीतरी लपवायचं असतं.

तरीही मी खाचा घासून आणखी एक घाणा काढला. तो उतरला, आंबला, बाटल्यांत भरला, आम्ही चौघांनी प्यायलासुद्धा.

शेजारचे निवृत्त प्लंबर एका संध्याकाळी गॅरेजात डोकावले. मॅनिफोल्ड हातात घेऊन एका सांध्यावर चाकूचं टोक ओढलं. मऊ, राखाडी, लोण्यासारखी चरी पडली. म्हणाले, ‘हे पन्नास-पन्नास वाटतंय.’ म्हणजे निम्मं कथील, निम्मं शिसं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळांना असं सोल्डर 1986 पासून चालत नाही, पण रंगीत काचकामासाठी वगैरे ते अजून मिळतं. शिसं तपासायची कांडी आणून सांध्यावर घासली तर टोक लालभडक झालं. दुसरा सांधा, तिसरा, तेच. मॅशचा, म्हणजे भिजवलेल्या माल्टचा सामू 5.2 ते 5.6, म्हणजे आंबटसर, वर गरम आणि तासभर: शिसं उतरायला सोयीचं. व्हॉल्व्हचे आटे कानशीनं घासले तर स्टेनलेसच्या आतून पिवळं पितळ.

पितळेतही थोडं शिसं असतं, पण त्याच्या पृष्ठभागावरचं काढता येतं. दोन भाग पांढरं व्हिनेगर, एक भाग 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात भाग बुडवून ठेवायचे, लोण्यासारखा पिवळा रंग आला की काढायचे. पण सोल्डरच निम्मं शिसं असेल तर धुणार काय? उरलेली बिअर मोरीत ओतली. आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतलं, आकडा ठीक आला. ज्या दोन मित्रांना पाजली होती त्यांना फोन करणं हा सगळ्यात वाईट भाग.

विक्रेत्याला निरोप पाठवला, त्यानं मला ब्लॉक केलं. महिन्याभरानं दुसऱ्या नावानं तशीच जाहिरात. टेबलही तेच, कोपऱ्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग. गाव सोडायचं राहिलेलं दिसतंय. मी जाहिरातीची तक्रार केली. ती निघाली, मग पुन्हा आली.

आजी कल्हईवाल्याला आधी कथील दाखवायला लावायची, हातात घेऊन वाकवून बघायची, मगच भांडी पुढे सरकवायची. मी 140 डॉलर फोटो बघून दिले.

नवा मॅनिफोल्ड एका दुपारीत झाला. लाल अक्षरांची ‘एम’ जातीची तांब्याची नळी, टी आणि एल्बो ही फिटिंग, करवत, कानस. नळी कूलरच्या भिंतीला चिकटवली नाही, नाहीतर पाणी भिंतीवरून सरळ उतरतं आणि साखर चोथ्यातच राहते. व्हॉल्व्ह नवा घेतला, शिसेविरहित असा शिक्का बघून. 2014 पासून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये पाण्याला लागणाऱ्या भागात सरासरी 0.25 टक्क्यांच्या वर शिसं चालत नाही.

जुना मॅनिफोल्ड कुणी उचलून परत विकू नये म्हणून तुकडे करून भंगारात नेला. काउंटरवरच्या पोरानं वजनकाट्यावर टाकण्याआधीच सांध्यांकडे बोट दाखवलं, म्हणाला सोल्डर आहे, एक नंबरचा, म्हणजे स्वच्छ तांब्याचा भाव मिळणार नाही.