शेपटीजवळचा थेंब

टाइलच्या नादात दोनशे चाळीस पौंड घालवले. तुम्ही घालवू नका म्हणून लिहितेय.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज टाइल-कलाकार विल्यम डी मॉर्गन याच्या टाइल्स लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बघितल्यापासून वेड लागलं होतं. तांबूस झळाळीचे ड्रॅगन, ग्रिफिन म्हणजे गरुडाचं डोकं-पंख आणि सिंहाचं धड असलेले काल्पनिक प्राणी. एका पंखवाल्या प्राण्याकडे बघून तर गडाच्या दरवाजावरचा शरभच आठवला. मग एका जुन्या वस्तूंच्या बाजारात तसाच ग्रिफिन दिसला, 6 इंची. मागे वाळलेलं सिमेंट, चकाकीवर बारीक तपकिरी भेगा. शेपटीच्या टोकाशी रंगाचा एक थेंब ओघळलेला. तो थेंब बघूनच मी विरघळले. हाताने रंगवणाऱ्याचा कुंचला जरा घसरला असणार, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

विक्रेता गोड बोलणारा. "1895 ची आहे, एका पाडलेल्या घराच्या शेकोटीतून निघाली," म्हणाला. रोख दिलेत तर वीस पौंड कमी. दिले.

घरी टाइल कोमट पाण्यात ठेवली, तर पाणी चहासारखं झालं आणि भेगा पांढऱ्याफटक. सिमेंटही खरवडल्याबरोबर निघालं. खाली 'मर्टन अॅबी'चा शिक्का. आता डी मॉर्गनने 1888 मध्येच मर्टनचा कारखाना बंद करून फुलहॅमला नेला होता, मग 1895 च्या टाइलवर मर्टन कुठून आलं? हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त बाजारात टाइल उलटी करून सिमेंटखाली बघायचं सुचलं नाही. शेवटी नवऱ्याचं भिंग घेतलं. ग्रिफिनच्या पंखात ठिपकेच ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. म्हणजे छापील चित्र चिकटवून भाजलेलं.

पावती काढली. तिच्यावर साल नाही, 'जुनी' हा शब्द नाही. फक्त 'डी मॉर्गन डिझाइन टाइल'. डिझाइन! नवरा म्हणाला, "अगं, त्याने खोटं लिहिलेलंच नाहीये." फोन केला तर तोच मुद्दा त्या माणसाने फार नम्रपणे मांडला. पैसे गेले ते गेलेच.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्या बाजारात गेले. त्याच टेबलावर मागे सिमेंट लावलेला आणखी एक ग्रिफिन होता. मी वाकून बघितलं. शेपटीच्या टोकाशी, त्याच जागी, तोच थेंब.