महिनावारी कॉन्टॅक्ट लेन्स, आठ महिन्यांनंतर: एकच डोळा दुखतो तेव्हा

लेन्स सिलिकॉन हायड्रोजेलच्या, दर ३० दिवसांनी बदलायच्या. वापर रोज ८-९ तास: महापेचं एसी ऑफिस आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरची बाईक.

नजर स्वच्छ मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. संध्याकाळी डोळे कोरडे पडतात, पण दोन्ही. एसी आणि स्क्रीनचा त्रास सहसा दोन्ही डोळ्यांना होतो. एकच डोळा दुखत असेल तर ‘स्क्रीन जास्त झाली’ म्हणून सोडून देऊ नका, कारण त्याच डोळ्यात शोधा.

आधी हात साबणाने धुऊन, पुसून लेन्स काढा. पाच-दहा मिनिटांत आराम पडला तर दोष बहुधा लेन्सचा. ती बोटाच्या टोकावर उजेडात धरून कड पाहा. नखाने गेलेली बारीक चीर अशीच दिसते. कड वाटीसारखी उभी असेल तर बाजू बरोबर, बशीसारखी बाहेर पसरली असेल तर लेन्स उलटी आहे. चिरलेली लेन्स महिना संपायला २२ दिवस असले तरी टाकायचीच. संशयाची लेन्स दुसऱ्या डोळ्यात घालून बघू नका, जंतू असले तर तेही तिकडे जातील.

लेन्स काढूनही पापणी मिटताना खरखरत असेल तर वरच्या पापणीखाली कण अडकलेला असू शकतो. घोडबंदर रोडच्या धुळीत व्हायझर वर ठेवला की हे हमखास होतं. चोळू नका, निर्जंतुक सलाईनने डोळा धुवा. तरी निघाला नाही तर डॉक्टर पापणी उलटून तो काढतात आणि रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बुबुळावरचा ओरखडा बघतात.

खरी भीती बुबुळावरच्या जखमेची, म्हणजे कॉर्नियल अल्सरची. लेन्स घालून झोपणं आणि लेन्स ठेवायची डबी, म्हणजे केस, नळाच्या पाण्याने धुणं ही तिची नेहमीची कारणं. नळाच्या पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव तर सुरुवातीला दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखवतो. लाली, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. लेन्स आणि केस फेकू नका, सोबत न्या. त्यावरून जंतू शोधता येतो. केमिस्टकडून स्वतःहून स्टिरॉइडचे थेंब घेऊ नका, बुरशी किंवा नागिणीसारख्या विषाणूचा संसर्ग त्याने भडकतो. पट्टीही बांधू नका.

लेन्सशी संबंध नसलेली दोन कारणंही तरुण वयात दिसतात. खोलवर ठणका, बुबुळाभोवती लाली आणि चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी दुखऱ्यात कळ, असं असेल तर युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराचा दाह. सकाळी कंबर आखडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. दुसरं ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्यामागच्या नसेचा दाह: डोळा लाल नसतो, पण फिरवला की मागे दुखतं. बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याने पाहा. दुखऱ्या डोळ्याला ते फिकट दिसलं तर थांबू नका.

रोजची निगा: तळहातावर द्रावण घेऊन लेन्सची प्रत्येक बाजू २० सेकंद चोळायची. केसमध्ये दरवेळी ताजं द्रावण, जुन्यात भर नाही. केस दर ३ महिन्यांनी नवी.

बॅगेत चालू नंबरचा चष्मा मात्र हवाच. तो नसला की माणूस दुखऱ्या डोळ्यात पुन्हा लेन्स घालतो.