पीओचं मागचं पान: माझे सहा लाख कसे अडकले

कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कंपनीचं; मशिनिंग, म्हणजे तो भाग मापात कापणं, आपलं. हा धंदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाला समजावून सांगायला नको. माझ्याकडे दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी कापायची मशीनं, तिन्हीवर बँकेचं कर्ज. 2024 च्या दिवाळीनंतर एका मध्यस्थाच्या ओळखीनं बाहेरगावच्या कंपनीचं पंप बॉडीचं काम आलं. पहिलं बिल 73,920 रुपयांचं, आठवड्यात खात्यावर जमा. अशा पार्टीवर शंका कोण घेतो? "रेग्युलर काम आहे, खर्च लगेच निघेल," असं मध्यस्थ म्हणाला म्हणून मशीनवर नग पकडायचं फिक्स्चरही मी पदरचे 1,12,000 घालून केलं.

आता जिथं खटकायला पाहिजे होतं ते सांगतो. दुसऱ्या लॉटच्या कास्टिंगची गाडी शेडच्या दारात उभी, हमाल आलेले, आणि नेमकं त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर सुधारित पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर. सोबत निरोप: "सही-शिक्का मारून फोटो टाका, मग गाडी खाली करा." पुढच्या पानावर रेट, नग, ड्रॉइंग नंबर, सगळं ठरल्याप्रमाणे. मागच्या पानावर बारीक इंग्रजीत अटी. पेमेंट 90 दिवसांनी. रिजेक्शन कधीही, आणि ते ठरवणार फक्त कंपनी. रिजेक्ट नगाच्या कास्टिंगची किंमतसुद्धा आमच्याकडून वसूल. वाद झाला तर कोर्ट त्यांच्या गावचं. मोबाईलवर ते पान मोठं करून वाचायला त्या घाईत कुणाला सवड असते? मशीन रिकामी, हप्ता तोंडावर. मी शिक्का मारला. माझ्या जागी कुणीही मारला असता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच पीओ आदल्या दिवशी आली नाही, गाडीबरोबर आली.

पुढची बिलं मिळून 6,84,320 रुपये झाली. एक रुपया आला नाही. तीन महिन्यांनी ईमेलवर 5,91,450 ची डेबिट नोट, म्हणजे बिलातून एवढे कापले असा कागद, आली. कारण "बोअर ओव्हरसाईज", म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. माल पाठवतानाच्या प्रत्येक चलनाला इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडलेला, त्यावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का. रिजेक्ट नग परत पाठवा, गेज लावून माप बघतो म्हटलं, तर नग स्क्रॅपला गेले म्हणे. माल चांगला होता, विकला गेला, म्हणूनच परत आला नाही, हे मी छातीठोक सांगतो. राहिलेले 92,870 सुद्धा "फुल अँड फायनल" लिहून दिलं तरच देणार. आणि त्या बिलांवरचा 73,320 जीएसटी मी कधीच भरून बसलोय.

रिजेक्ट नग ताब्यात आल्याशिवाय डेबिट नोट मान्य करू नका. फोनवर भांडू नका, ईमेलवर लिहा.

पोलिस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "सही तुमचीच ना? मग ही दिवाणी बाब आहे." अर्जावर आवकचा शिक्का मारला आणि विषय संपला. ठरवून, गाडी दारात उभी करून काढून घेतलेली सही ही फसवणूक नाही तर काय आहे? लघुउद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा स्पष्ट आहे: करारात काहीही लिहा, पेमेंट 45 दिवसांपुढे नेता येत नाही. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं धरतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. या कायद्याखालच्या सरकारी परिषदेकडे केलेल्या तक्रारीचा निकाल 90 दिवसांत लागला पाहिजे, हेही कायद्यातच लिहिलंय. प्रत्यक्षात समोरची पार्टी हजर राहत नाही, पुढची तारीख पडते, आणि तिथला टेबलावरचा माणूस मलाच सांगतो, "आपसात मिटवून घ्या की." मिटवायला समोर कोण येतंय? माझं जीएसटी रिटर्न एक दिवस उशिरा गेलं तर लेट फी आपोआप लागते. त्याच सरकारला माझे अडकलेले पैसे दिसत नाहीत. मला बोलावून कागद तेच पुन्हा पुन्हा मागतात, बुडवणाऱ्याला साधी तंबी नाही!

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, काम घेण्याआधी करा, नंतर केली तर तोच मुद्दा पकडून अडवतात. नोंदणी फक्त ट्रेडर म्हणून असेल तर या कायद्याचं संरक्षण मिळत नाही, तेही तपासा. फिक्स्चरचे पैसे आधी घ्या. कास्टिंगच्या सिक्युरिटीपोटी कोरा चेक मागतील, देऊ नका. गाडी दारात असताना आलेल्या कुठल्याही कागदावर सही नको, गाडी परत गेली तरी चालेल.

तोच मध्यस्थ आता गोकुळ शिरगावात व्हॉल्व्ह बॉडीचं ड्रॉइंग घेऊन फिरतोय, असं कानावर आलंय. अशी मागच्या पानाची पीओ ज्यांच्याकडे आली असेल त्यांनी मला फोटो पाठवा. चार-पाच जणांचे कागद एकत्र ठेवले तर "दिवाणी बाब" म्हणून हाकलून देणं पोलिसांना जड जाईल.