चाचणीच्या नावाखाली विकलेले ड्रेसिंग

आईच्या डाव्या पायावर, घोट्याच्या आतल्या बाजूला, झालेली जखम आठ महिने उलटूनही भरत नव्हती. निदान स्पष्ट होते. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढण्याऐवजी पायातच साचते, तिथला दाब वाढतो, कातडी काळपट व कडक होते आणि साधे खरचटणेही व्रण, म्हणजे न भरणारी जखम, होऊन बसते. उपचार म्हणून दाबपट्टी बांधली जात होती, परंतु ती काचते, तिच्याखाली खाज सुटते, म्हणून आई कंटाळली होती आणि खरे सांगायचे तर मीही कंटाळलो होतो.

त्याच सुमारास ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. चांदीचे कण असलेल्या नव्या ड्रेसिंगची शास्त्रीय चाचणी सुरू असून त्यात मोजक्याच रुग्णांना घेतले जात आहे, नोंदणीची रक्कम एकदाच भरायची आहे, ड्रेसिंग सवलतीत मिळेल आणि बारा आठवड्यांत जखम भरून येईल, असे त्यांनी सांगितले. "मावशी, या पट्टीच्या जाचातून तुम्हाला सोडवतो," हे त्यांचे वाक्य आईच्या मनात घर करून राहिले. ज्या वस्तूची परीक्षाच अजून व्हायची आहे तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे का मागितले जात आहेत, आणि निकाल आधीच ठाऊक असेल तर चाचणी कसली, हे दोन प्रश्न मला त्या वेळी सुचले नाहीत. संमतिपत्र म्हणून ज्यावर सही घेतली, ती प्रत्यक्षात खरेदीची पावती होती. तिच्यावर ना नैतिकता समितीचा उल्लेख होता, ना चाचणीचा नोंदणी क्रमांक, ना मधेच बाहेर पडण्याच्या हक्काबद्दल एखादी ओळ.

अशा ड्रेसिंगची खरी चाचणी कशी होते, हे मी पुढे वाचले. ब्रिटनमध्ये पायाच्या अशाच व्रणांवर चांदीच्या ड्रेसिंगची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. 213 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला चांदीचे ड्रेसिंग, दुसऱ्याला न चिकटणारे साधे ड्रेसिंग मिळाले. बारा आठवड्यांत पहिल्या गटातील 59.6 टक्के, तर दुसऱ्या गटातील 56.7 टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, म्हणजे म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही. न्यूझीलंडमध्ये 368 रुग्णांवर झालेल्या मधाच्या ड्रेसिंगच्या चाचणीतही, 2008 साली, निष्कर्ष असाच निघाला. उलट मधाच्या गटात वेदनेच्या तक्रारी अधिक होत्या. आमच्या 'चाचणीत' मात्र सर्वांनाच नवे ड्रेसिंग मिळत होते. ज्या निम्म्याहून अधिक जखमा साध्या ड्रेसिंगनेही भरल्या असत्या, त्यांचे श्रेय कोणाला जाणार होते हे उघड आहे.

तरीही खरी चलाखी मोजमापात होती. दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनने तिची कड गिरवायची आणि चौकटी मोजून क्षेत्रफळ काढायचे, ही पद्धत योग्यच आहे आणि खऱ्या चाचण्यांतही वापरली जाते. पहिल्या दिवशी त्यांनी जखमेभोवतीची ओलसर, पांढुरकी पडलेली कातडीसुद्धा रेषेच्या आत घेतली, त्यामुळे आकडा 14 चौरस सेंटिमीटर आला. पुढे ती रेषा हळूहळू आत सरकत गेली आणि सहाव्या आठवड्यात फक्त लालबुंद मध्यभाग गिरवून 7 चौरस सेंटिमीटर दाखवण्यात आले. छायाचित्रांचेही तेच: पहिले जवळून, जखम न धुता काढलेले, नंतरची लांबून, स्वच्छ करून, आणि एकाही छायाचित्रात शेजारी मोजपट्टी नाही. कागद आमच्याच घरी पडून होते, पण ते एकावर एक ठेवून पाहावेत असे मला वाटले नाही. उतरता आलेख पाहून आम्ही खूश होतो.

सर्वांत मोठे नुकसान याहून वेगळे होते. ड्रेसिंगला 'श्वास घेता यावा' म्हणून त्यांनी तिसऱ्या आठवड्यात दाबपट्टीच काढायला लावली. या प्रकारच्या व्रणाचे मूळ शिरांमधल्या वाढलेल्या दाबात असते. बाहेरून, घोट्याशी साधारण 40 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब दिल्याने रक्त वर सरकायला मदत होते, आणि ड्रेसिंगचे काम त्या मानाने दुय्यम, म्हणजे ओलावा राखणे व स्राव टिपून घेणे, एवढेच असते. पट्टी सुटल्यावर पाय सुजला, स्राव वाढला आणि आईला रात्री झोप लागेना. त्यावर आणखी महागडे ड्रेसिंग सुचवण्यात आले.

अखेर आईला पूर्वीच्या परिचारिकेकडे नेले. तिने ते सगळे कागद उजेडासमोर एकावर एक धरले आणि काही न बोलता माझ्याकडे दिले. तिने मोजलेले क्षेत्रफळ साडेनऊ चौरस सेंटिमीटर भरले. पहिल्या कागदावर भोवतीची कातडी वगळून मोजले असते तर ते नऊच्या आसपास आले असते. जखम निम्मी झाली नव्हती, किंचित वाढली होती. पट्टी पुन्हा बांधण्यापूर्वी तिने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या डॉपलर यंत्राने तपासला, कारण घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारा आकडा 0.8 च्या खाली असेल तर रोहिण्यांतून रक्त पुरेसे पोहोचत नसण्याची शक्यता असते आणि घट्ट पट्टी पायाला घातक ठरू शकते. ही तपासणी त्या गृहस्थांनी एकदाही केली नव्हती. एवढे एकच पाहिले असते तरी ते चाचणी करणारे नाहीत हे कळायला हवे होते.

पट्टी पुन्हा सुरू झाल्यावर जखम साध्या, न चिकटणाऱ्या ड्रेसिंगखाली चार महिन्यांत भरली. रक्कम परत मागितली तेव्हा चाचणी मधेच सोडल्यामुळे ती मिळणार नाही असे उत्तर आले. चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागितला, त्यानंतर मात्र काहीच उत्तर आले नाही. ते कागद तारखांसह मी तक्रारीला जोडले आहेत.