क्षेत्र महाबळेश्वर: पंचगंगेवरून मागे फिरू नका, कृष्णाबाईपर्यंत जा

सांगलीत कृष्णा फुटांत मोजतात. आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तीच नदी क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखातून ओंजळीत मावेल एवढ्या धारेनं पडते. ती धार बघायला लोक पंचगंगा मंदिरात येतात, तीर्थ घेतात आणि गाडीकडे वळतात. तिथून पाच-दहा मिनिटांच्या पायवाटेवर, कृष्णेच्या दरीच्या काठाला कृष्णाबाईचं जुनं दगडी मंदिर आहे. ते बहुतेकांचं राहूनच जातं. या परिसरात एकच जागा बघायला वेळ असेल, तर ती हीच. पाचपैकी पंचगंगेला साडेतीन, कृष्णाबाईला पुरे पाच.

पंचगंगेबद्दल थोडक्यात. मूळ मंदिर तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवानं बांधलं असं मानतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच धारा इथं एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतात. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, ही श्रद्धा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फरशी सतत ओली असते, त्यामुळे मोजे घालून आत शिरू नका, दिवसभर पाय गार पडतात. शेजारीच महाबळेश्वराचं मंदिर आहे. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये जिजाऊंची सुवर्णतुला केली ती या क्षेत्री. शनिवार-रविवारी रांग लांबते. सकाळी आठच्या आत पोचलात तर दोन्ही दर्शनं निवांत होतात.

आता कृष्णाबाई. पाटी नजरेत भरत नाही, म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "कृष्णाबाईला कुठनं जायचं?" वाट झाडीतून जाते आणि पुढे एकदम दरी उघडते. मंदिर काळ्या दगडाचं, खांबांचं, आणि आत चांगलंच अंधारं. छताच्या दगडांवरचं कोरीवकाम बघायचं तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. समोरून धरला तर सगळं सपाट दिसतं, बाजूनं धरला की कोरलेल्या कडा उठून येतात. आत शिवलिंग आहे, कृष्णाबाईची मूर्ती आहे, आणि गोमुखातून पडणारं पाणी कुंडात साठतं. गोमुखाच्या ओठावर शेवाळाचा पोपटी थर असतो. धार त्याच्यावरून घसरत येते, म्हणून फारसा आवाजही करत नाही. गर्दी नसताना दोन मिनिटं तिथं गप्प उभं राहावं. पंचगंगेत ते जमत नाही.

डोंगरमाथ्यावर पाणी येतं कुठून, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर पायाखालीच आहे. पठाराचा वरचा थर जांभ्याचा, म्हणजे भोकाभोकांचा. पावसाळ्यात इथं साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा जांभा पिऊन घेतो. खाली घट्ट काळा बसाल्ट लागला की पाण्याला उतरायला जागा राहत नाही, मग ते आडवं सरकत उतारावर झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. म्हणून पाऊस संपल्यावरही झरे महिनोन्महिने वाहतात.

वेळेचं गणित बहुतेक सहलीत चुकतं. कृष्णेची दरी पूर्वेकडे उघडते. सकाळी गेलात तर ऊन डोळ्यांवर येतं, दरी धुरकट दिसते आणि फोटो काळे येतात. दुपारी साडेतीननंतर ऊन पाठीमागून येतं, तेव्हा समोरच्या डोंगरधारा आणि खालची झाडी स्वच्छ दिसते. याच रस्त्यानं पुढे असलेल्या आर्थर सीटचं उलटं. तिथली सावित्रीची दरी कोकणाच्या बाजूला, पश्चिमेला आहे, म्हणून ती सकाळी बघावी. क्रम असा ठेवा: सकाळी दर्शन, मग आर्थर सीट, आणि परतीच्या वाटेवर कृष्णाबाई. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यामुळे मंदिर दिसेल, दरी दिसेलच असं नाही.

टॅक्सी ठरवताना कृष्णाबाईचं नाव आधीच घ्या आणि क्षेत्रावर सव्वा तास थांबायचं बोलून घ्या. पॉइंटांच्या ठरावीक फेरीत इथं जेमतेम अर्धा तास मिळतो, मग चालक हॉर्न वाजवायला लागतो. एसटीनं जाणार असाल तर परतीच्या फेरीची वेळ महाबळेश्वर स्टँडवरच विचारून घ्या. अंतर साधारण सहा किलोमीटर आहे.

पाय घसरणं ही इथली नेहमीची गोष्ट. सावली आणि पाझर यामुळे दगडावरचं शेवाळ पाऊस संपल्यावरही लवकर वाळत नाही. गुळगुळीत तळाची चप्पल नको, खाचांचा बूट हवा. गुडघेदुखी असलेल्यांनी पावसाळ्यात पंचगंगेवरच थांबावं, हे मनाविरुद्ध सांगावं लागतंय. माकडं पिशवीच्या आवाजावर येतात. कणीस, प्रसाद, स्ट्रॉबेरी हातात मिरवू नका, पाठीवरच्या सॅकमध्ये चेन लावून ठेवा. कुंडात नाणी आणि हार टाकू नका. पाकळ्या कुजून पाणी वाहून जायची वाट तुंबते आणि कुंडाला वास येतो. एवढ्या जुन्या वास्तूच्या खांबांवर लोकांनी नावं कोरलेली आहेत आणि तिथं कुणी हटकायलाही नसतं, याचं फार वाईट वाटतं.

सांगलीहून येताना कराड, सातारा, मग मेढा-केळघर हा रस्ता जवळचा. साताऱ्याहून अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पावसाळ्यात केळघर घाटात दरडी येतात, तेव्हा वाई-पसरणी घाट-पाचगणी धरा. मात्र सुट्टीच्या दिवशी या बाजूला वेण्णा लेकजवळ गाड्या तुंबतात, तासभर हाताशी ठेवा. आणि कृष्णाबाईहून पाचच्या सुमाराला निघाच. अंधार आणि धुकं एकदम उतरलं की घाटात पुढचा पांढरा पट्टासुद्धा दिसत नाही.